आजपर्यंत कार्यरत

नवनाथ जाऊन दीड वर्ष झालं, तरी त्याचा कामाचा अनुभव वाढतच होता.

हे त्यानंच करून ठेवलेलं. चाकणच्या एका कारखान्यात तो पत्रा दाबून कापणारं यंत्र, पॉवर प्रेस, चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या लॅपटॉपवर प्रोग्रामिंग शिकायचा. आपल्या चिखलीतल्या पोरांना सायबर कॅफेवाला सगळ्यांचा एकच बायोडाटा नाव बदलून छापून देतो, याचा त्याला भारी राग. म्हणून त्यानं स्वतःच एक प्रोग्राम लिहिला. एकेकाची माहिती एकेका फाइलमध्ये: नाव, शिक्षण, काम कुठं केलं, कधीपासून, कधीपर्यंत. काळ्या स्क्रीनवर एका ओळीची कमांड दिली की सगळ्यांचे बायोडाटा नीटनेटके तयार. 'कधीपर्यंत' रिकामं असलं, की प्रोग्राम तिथं 'आजपर्यंत' लिहायचा आणि अनुभवाची वर्षं-महिने आपणच मोजायचा.

तळेगाव रस्त्यावर डंपरनं त्याला उडवलं, आणि त्याच्या स्वतःच्या फाइलमधली ती जागा रिकामीच राहिली.

आता त्याची बायको भाग्यश्री ते काम बघायची. कमांड दिली की पोरांच्या बायोडाटांबरोबर नवऱ्याचाही निघायचा. प्रेस ऑपरेटर, आजपर्यंत. पहिल्यांदा ती दचकली होती. मग तिला ते आवडायला लागलं. खोटं कशाला बोला, त्याच्यासाठीच ती गरज नसतानाही कमांड द्यायची. तारीख भरायला काही मन धजत नव्हतं. तिच्या सासूबाई, पुतळाबाई, तर मुलगा गेला तेव्हाही रडल्या नव्हत्या. तो शिफ्टला गेलाय, येईल, एवढंच म्हणायच्या. एका घरात दोघी बायका एकाच माणसाची वाट बघत होत्या आणि एकमेकींशी त्याबद्दल चकार शब्द बोलत नव्हत्या.

घरात तिसरा ज्ञानेश, भाग्यश्रीचा धाकटा दीर. पॅकिंगची कामं करून कंटाळलेला. महिन्यापूर्वी चाकणला एका ठेकेदाराकडे काम लागलं म्हणाला, आणि भावाचे शर्ट घालून जायला लागला. त्या शर्टात तो दारात दिसला की पुतळाबाई म्हणायच्या, "आला व्हय नवनाथ? हातपाय धू." ज्ञानेश गुपचूप हातपाय धुवायचा. म्हातारीचं मन मोडू नये म्हणून करत असेल, असं भाग्यश्री स्वतःला समजवायची. तरी तिच्या अंगावर काटा यायचाच.

एका दुपारी नवनाथच्या जुन्या नंबरवर, जो आता भाग्यश्रीकडे होता, ठेकेदाराच्या ऑफिसातून फोन आला. माणूस अदबीनं बोलला. नवनाथचं ओळखपत्र गेटवर राहिलंय, उद्या येताना आठवणीनं घ्यायला सांगा. आणि त्यांचा एवढा अनुभव बघून साहेबांनी उद्यापासून मोठी प्रेस त्यांच्या एकट्याच्या हातात द्यायचं ठरवलंय, तेव्हा वेळेवर यायला सांगा.

भाग्यश्रीनं फोन ठेवला. नवरा कामावर जातो, काहीतरी विसरून येतो. क्षणभर तिला ते सगळं खरं वाटलं आणि ती हसलीसुद्धा. मग डोकं ताळ्यावर आलं. लॅपटॉपमधला बायोडाटा. कपाटातलं नवनाथचं आधारकार्ड, ज्यावरचा फोटो दोघांपैकी कुठल्याही भावाचा म्हणून खपला असता. नवशिक्याला प्रेसवर एकटं सोडलं की बोटं जातात, हे नवनाथ जेवताना कितीदा तरी सांगायचा. जो अनुभव तिनं महिन्यामागून महिना वाढू दिला, तो आता ज्ञानेशचा हात घेणार होता.

संध्याकाळी दार वाजलं. कोण आहे, म्हणून तिनं आतूनच विचारलं.

"मी नवनाथ," बाहेरून आवाज आला.

कडीवरचा तिचा हात तसाच राहिला. आवाजही अगदी त्याचाच. शेवटी तिनं दार उघडलं, तर समोर ज्ञानेश, तोंड पांढरंफटक पडलेलं. महिनाभर गेटवर तेच सांगून सांगून तोंडात बसलं, असं तो पुटपुटला. मग त्यानं सगळं कबूल केलं. ज्ञानेश म्हणून गेला तेव्हा तिथं कुणी उभंही केलं नव्हतं, नवनाथ म्हणून गेल्यावर सगळे भाऊ म्हणतात. आणि हल्ली रस्त्यात कुणी ज्ञानेश म्हणून हाक मारली तर त्याला मागं वळायचं सुचत नाही.

भाग्यश्रीनं लॅपटॉप उघडला. नवऱ्याच्या फाइलमध्ये त्या रिकाम्या जागी अपघाताची तारीख भरली. त्याला आपणच घालवतोय असं तिला वाटलं, तरी तिनं ती भरली. दिरासाठी नवी फाइल केली आणि कमांड दिली. दोघा भावांचे तेवढे दोन कागद प्रिंटरमधून काढले. ज्ञानेशचा अर्धा कोराच होता.

"प्रेसचं काम नवनाथला येत होतं, ज्ञानेश भावजी," ती म्हणाली. "तुम्हाला येत नाही. उद्या जाऊन खरं नाव सांगा. नोकरी गेली तर जाऊ दे."

ज्ञानेशनं मान हलवली आणि भावाचा शर्ट अंगातून काढून खुर्चीवर ठेवला.

पुतळाबाई ताट वाढत होत्या. त्यांचा हात थांबला. समोर बनियनवर उभ्या असलेल्या मुलाकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"ज्ञाना, तू कवा आलास?" त्यांनी विचारलं. "आन् माझा नवनाथ?"

भाग्यश्रीनं नवनाथचा कागद उचलला आणि त्यावरची शेवटची तारीख मोठ्यानं वाचली. पुतळाबाईंनी ती पुन्हा वाचायला लावली. या वेळी भाग्यश्री अर्ध्यावरच थांबली, आणि दीड वर्षात पहिल्यांदाच त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.