हा करा

श्रीपतीनं दारू सोडली तेव्हा जळकोटात कुणाला नवल वाटलं नाही, कारण ती त्यानं आधीही चारदा सोडली होती. नवल वाटलं ते तो पळायला लागला तेव्हा. शहाऐंशीचं दुष्काळी साल. धडधाकट माणसं रोजगार हमीवर खडी फोडून संध्याकाळी मोडून पडत होती, आणि हा चाळिशीला टेकलेला गडी दिवस कलला की चड्डी-बनियनवर हमरस्त्यानं पळत सुटायचा. मागं कुत्रं नाही, पुढं एसटी नाही. लोक म्हणायचे, पीत होता ते बरं, निदान एका जागी पडून तरी असायचा.

त्याची बायको सरुबाई तेव्हा पोरीला घेऊन कळंबला भावाच्या घरी राहत होती. दोन वर्षं झाली होती. ही बातमी तिला बाजारात भेटलेल्या जळकोटच्या एका बाईनं सांगितली. सरुबाई खदखदून हसली आणि मग आपण हसलो याचा तिला भयंकर राग आला. ज्यानं संसाराचं वाटोळं केलं त्याच्या नावानं आपल्याला अजून हसू येतं, ही काही चांगली गोष्ट नव्हती.

नोव्हेंबरात तो स्वतःच आला, सायकलवर. पहाटे निघालेला माणूस दुपार टळल्यावर भावाच्या दारात उतरला. सरुबाईनं त्याला पाणी विचारलं नाही, बसा म्हटलं नाही. ती समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हा करा."

ज्यांच्या घरात कुणी पीत नाही त्यांना हे सांगावं लागेल. नवरा संध्याकाळी घरी आला की बायको त्याला दारातच अडवते आणि म्हणते, हा करा. नवऱ्यानं तोंड उघडून तिच्या नाकासमोर श्वास सोडायचा. न्यायनिवाडा तिथंच होतो, त्यावर अपील नाही. गावात अशा बाया होत्या की एका श्वासावर दारू गुळाची की मोहाची ते सांगतील. सरुबाई त्यांच्यातली. बारा वर्षांच्या संसारात तिचं नाक एकदाही चुकलं नव्हतं, आणि श्रीपतीचं एकही कारण खरं निघालं नव्हतं. कधी खोकल्याचं औषध, कधी दाताला लावलेला लवंगेचा अर्क, कधी दुधाचे कॅन धुवायची पावडर. दूध संस्थेत कॅन वाहायचं काम करणाऱ्या माणसाला ही शेवटची थाप फार सोयीची होती.

त्या दिवशी मात्र त्यानं मान वळवली नाही. सरळ उभा राहून श्वास सोडला. शेंगदाणे आणि बिडी, बाकी काही नाही.

"पाच म्हयने झाले," तो म्हणाला. "दिवस मावळतीचा वख्त लई वंगाळ असतो, सरू. पाय आपोआप गुत्त्याकडं वळत्यात. म्हणून म्या त्यास्नी दुसरीकडंच पळवतो."

"म्या येते," सरुबाई म्हणाली. "पर रोज हा करायचा. एकदा जरी वास आला, की म्या कळंबला. मंग तुमी मेला म्हणून सांगावा आला तरी यायची न्हाय."

"कबूल," श्रीपती म्हणाला. आपण असं बोलायला नको होतं, हे तिला पुढं आयुष्यभर वाटणार होतं.

जळकोटला परत आल्यावर महिनाभर सरुबाई सुखात होती. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, पण होती. घरात ज्वारी बेताची, पाणी टँकरचं, हाताला खडीचे फोड, आणि तरी सुखात. श्रीपती सकाळी कॅन घेऊन सायकलवर जायचा, दुपारी गावामागच्या खदानीतल्या हिरव्या पाण्यात पोहायचा, संध्याकाळी पळून यायचा. दारात हा करायचा, मगच भाकरीवर बसायचा. नऊ वर्षांची प्रेमला खिदळत बापापुढं नाक धरून उभी राहायची. पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना पूर्वी पाचवं शील आलं की त्याला हमखास खोकला यायचा. आता ते त्यानं असं खणखणीत म्हटलं की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी वळून पाहिलं. दारू पिणार नाही, एवढंच ते वाक्य. सरुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

दूध संस्थेचे सेक्रेटरी अंबादास यांनी त्याला हाताशी धरलं ते याच दिवसांत. अंबादास पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. बाहेरच्या देशांत लोक आधी मैलभर पोहतात, मग सायकल मारतात, मग पळतात, आणि हे सगळं एका दमात, मधे चहासुद्धा नाही, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. संस्थेचा वर्धापनदिन सव्वीस जानेवारीला. दुष्काळात दूध आटलेलं, सभासद वैतागलेले, तेव्हा लोकांना बघायला काहीतरी हवं. त्यांनी तिहेरी शर्यत जाहीर केली. खदानीत वीस फेऱ्या पोहायचं, सायकलीनं नळदुर्गला जाऊन परत यायचं, आणि फाट्यापर्यंत पळून परत येऊन संस्थेच्या ओसरीला हात लावायचा.

"आमच्या श्रीपतीनं दारू सोडली म्हणून तो पुढं आलाय," अंबादास येईल त्याला सांगायचे. "त्याची हमी माझी."

डिसेंबर सरता सरता श्रीपती वाळायला लागला. चड्डीला सुतळी बांधावी लागली. लोक म्हणाले, पळून पळून झिजला. त्याला तहान लागायला लागली, आणि ती साधी तहान नव्हती. टँकरच्या दोन घागरींतली एक तो एकटा संपवायचा. सरुबाई चिडायची, मग तो ओशाळून तांब्या खाली ठेवायचा आणि ती पाठमोरी झाली की पुन्हा उचलायचा. सारखा कुंपणाकडं जायचा. तिथं मुंग्यांची ही रांग लागायची. मुंग्यांना लघवीत काय गोड लागतं, हा विचार तिच्या मनात आला, आणि पाण्याच्या बारीला उशीर होत होता म्हणून गेला.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यानं दारात हा केला आणि सरुबाई चमकली. वास होता. पुसट, गोडसर, पिकून नासलेल्या पेरूसारखा. दुसऱ्या दिवशीही तो होता. चौथ्या दिवशी तिनं विचारलं.

"न्हाय गं," श्रीपती म्हणाला. "थेंब न्हाय. बाबासाहेबांची शपथ."

"मंग वास कशाचा?"

"मला काय म्हाईत? मला येतच न्हाय."

"आदीबी तुमाला येत नव्हता."

सगळी कारणं तो आधीच वापरून बसला होता. खोकल्याचं औषध झालं, लवंग झाली, पावडर झाली. आता खरं बोलायची वेळ आली तेव्हा त्याच्याजवळ उरलं होतं नुसतं 'न्हाय'. तो पोरीपुढं हमसून हमसून रडला. पण रडणंही सरुबाईला ओळखीचं होतं. प्यालेला असला की तो असाच रडायचा.

तिनं रात्रभर विचार केला आणि सकाळी सांगून टाकलं. "शर्यतीच्या दिवशी साऱ्या गावापुढं हा करायचा. वास न्हाय आला तर म्या माजंच नाक वंगाळ समजंन. आला, तर तितनंच एसटीत बसंन." तो मान हलवत राहिला. आणि त्या दिवसापासून त्यानं खाणं आणखी कमी केलं, पोटात काहीच नसलं तर वास कशाचा येईल म्हणून.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आणि गाव खदानीवर जमलं. सहा गडी उतरणार होते. पाणी बघून दोघे कडेलाच थांबले. श्रीपतीनं पहिल्या दहा फेऱ्या झोकात मारल्या. सरुबाई पोरीचा हात धरून उभी होती आणि मनातल्या मनात फेऱ्या मोजत होती. तो जिंकावा असं तिला वाटत नव्हतं. त्यानं फक्त वासाशिवाय यावं, एवढंच तिला हवं होतं. विसाव्या फेरीनंतर तो बाहेर आला, काठावरच ओकला, आणि सायकलवर चढला.

बाकीचे तिघे नळदुर्गहून आले, पळून आले, जिलबी खाऊन घरी निघाले. श्रीपतीचा पत्ता नाही. ऊन वर आलं. अंबादास ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. दीड तासानं कुणीतरी ओरडलं, आला! तो पळत नव्हताच. रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला झोकांड्या खात येत होता. डोळे लाल, ओठ सुकलेले, छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली होत होती. पोरं हसली. त्याचा हात ओसरीला लागला आणि तो तिथंच बसला.

सरुबाई गर्दीतून पुढं झाली. "हा करा," ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडं बघितलं, पण ती त्याला नीट दिसत नसावी. काहीतरी बोलला, जीभ जड झालेली, शब्द एकात एक. मग त्यानं तोंड उघडलं आणि श्वास सोडला. तो वास मागं उभ्या असलेल्या दोघांनाही आला.

"लावून आलाय की रं! नळदुर्गाला थांबला असंल," एक म्हणाला.

"पानी," श्रीपती म्हणाला. "सरू... न्हाय..."

अंबादासांचा चेहरा पडला. "साऱ्या गावात हमी घेतली होती मी याची," ते म्हणाले, आणि त्याच्याकडं न बघता आत गेले. दोघांनी श्रीपतीला उचलून ओसरीच्या सावलीला टाकलं. "पडू द्या. उतरंल दुपारपतूर." त्यांचं काही चुकलं नाही. याच ओसरीवर याच माणसाची उतरायची वाट त्यांनी कितीदा बघितली होती.

सरुबाई घरी गेली. दोन लुगडी आणि पोरीची दप्तराची पिशवी घेऊन फाट्यावर आली. तिला रडू येत नव्हतं, नुसती आग होत होती अंगाची. पहिली एसटी गच्च भरलेली होती, थांबली नाही. दुसरीला उशीर होता. प्रेमला म्हणाली, "आई, आबा घोरत नव्हते."

"काय?"

"प्याल्यावर घोरत्यात ना. आज नुसत्या धापा टाकत व्हते."

सरुबाई तशीच उठली. संस्थेवर पोचेस्तोवर दुपारचे तीन वाजले होते. तो होता तसाच पडला होता, तोंडावर माशा. हाक मारली तर पापणी हलली नाही. तिनं आरडाओरडा करून दुधाचा टेंपो काढायला लावला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि रिकाम्या कॅनांमध्ये बसली.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं वाकून पाहिलं आणि पहिलं विचारलं, "किती घेतली?"

"लई घेतली असंल," सरुबाई म्हणाली.

डॉक्टरला काहीतरी खटकलं. त्यानं नळीनं लघवी काढली, निळ्या औषधात घालून दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, मग पिवळं, मग विटकरी. डॉक्टर नळीकडं बघत राहिला.

"बाई, हा प्यालेला नाही. साखर झालीय याला. वाढली की श्वासाला असाच वास येतो, माणूस असाच झुलतो. पूर्वीच्या दारूनं आतलं बिघडलं असेल. तहान लागायची? लघवीला मुंग्या?" मग खाली बघून म्हणाला, "सकाळी आणला असता तर..." त्यानं सुया टोचल्या, बाटल्या लावल्या. दिवस मावळायच्या सुमाराला श्रीपती गेला.

गावानं मयत चांगलं केलं. अंबादासांनी खांदा दिला. सरुबाईनं त्यांना साखरेचं सगळं सांगितलं. ते "हो, हो" म्हणाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं खडीवरच्या बायांना सांगितलं, विहारातल्या म्हाताऱ्यांना सांगितलं, पाण्याच्या बारीत सांगितलं. सगळे ऐकून घ्यायचे, कुणी वाद घालत नव्हतं. दारुड्याला साखर होते होय, एवढं फक्त एकीनं विचारलं.

मार्चमध्ये गावातल्या मथुराबाईनं बाया गोळा करून गुत्ते बंद पाडायची सभा घेतली. चांगलं काम होतं, सरुबाई गेली. मथुराबाईनं तिला पुढं बोलावलं. "ही आपली सरुबाई. हिचा नवरा भर शर्यतीत दारूनं मेला. सोडली म्हणायचा आणि चोरून प्यायचा."

सरुबाई उठली. "न्हाय," ती म्हणाली. "त्यांनी सोडली व्हती. मरस्तोवर थेंब घेतला न्हाय. वास म्या वळखला न्हाय. चूक माजी हाय."

मग एका बाईनं डोळ्याला पदर लावला, तिचं बघून दुसरीनं. मथुराबाईनं सरुबाईला जवळ घेतलं आणि बायांकडं वळून म्हणाली, "बगा. मेल्यावरबी झाकतीया बिचारी."

"म्या झाकत न्हाय," सरुबाई म्हणाली. "डाक्टरनं सांगितलं. खरं सांगते."

"व्हय गं बाई," मथुराबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "व्हय. बस तू."