न दुखणारी दाढ

मित्रांनो, मी एक जुना स्क्रू आहे. तुमच्या खुर्चीतला किंवा पंख्यातला नव्हे. माणसाच्या जबड्यात बसवतात तो, टायटॅनियम नावाच्या धातूचा. माझी लांबी जेमतेम सहा मिलिमीटर. माझे भाऊबंद माझ्या दुप्पट लांब. कारखान्यात आम्हाला शेजारी शेजारी ठेवत, तेव्हा मला फार कमीपणा वाटे. एवढ्याशा मुळावर कोणाची दाढ उभी राहणार?

माझ्या वाट्याला एक वायरमन आले. शर्टाच्या खिशाला कायम टेस्टर अडकवलेला, म्हणून सगळे त्यांना टेस्टरकाका म्हणत. काकांना वायर दातांनी सोलायची खोड होती. शिडीवर चढायचे, एका हाताने आधार धरायचा आणि वायरचे प्लास्टिक दाढेखाली दाबून ओढायचे. तीस वर्षे असे केल्यावर खालची एक दाढ उभी चिरली. ती काढावी लागली. पुढे दोन वर्षे काकांनी ती जागा तशीच ठेवली, आणि तिथले हाड झिजत गेले. खालून नस जाते. लांब स्क्रू तिला लागला असता, म्हणून माझी वर्णी लागली.

काकांना दवाखान्यात ओढून आणले होते काकूंनी.

"दोन वर्षं एकाच बाजूनं चावताय," त्या म्हणाल्या. "जेवताना तुमच्याकडं बघवत नाही मला."

"अगं, एक फेज गेली तरी घर चालतं."

"चालतं. पण अर्ध्या घरात अंधार असतो ना!"

दातांच्या डॉक्टरबाई हसल्या. मग मला बसवण्याआधी त्यांनी काकांना बजावले, "हा आखूड आहे, पण टिकेल. दोनच अटी. दातांनी वायर सोलायची नाही, आणि वर्षातून एकदा मला दाखवून जायचं. दुखत नसलं तरी यायचं. याला नस नसते, हा काही दुखून सांगणार नाही."

दुसऱ्याच दिवशी काकूंनी वायर सोलायचा चिमटा आणला, लाल मुठीचा. "घ्या. आता दातांना सुट्टी," म्हणत तो काकांच्या हातात ठेवला.

तीन महिन्यांत हाडाने मला घट्ट धरले आणि माझ्यावर पांढरीशुभ्र दाढ चढली. 'कानामागून आला आणि तिखट झाला,' असे शेजारच्या दातांना वाटले असेल, वाटू दे. त्या दिवशी काका दोन्ही बाजूंनी चावून जेवले. काकू आपले ताट विसरून त्यांच्याकडे बघत राहिल्या. इतके सुख मला पुन्हा कधी मिळाले नाही.

दर वर्षी काकू कॅलेंडरवर एका तारखेला गोल करत, काकांना दवाखान्यात नेत आणि 'आता चिमटाच वापरतात हो' असे डॉक्टरबाईंना सांगत. डॉक्टरबाई माझा एक्स-रे फोटो काढून हाड मोजत. दहाव्या वर्षी त्या म्हणाल्या, "जागचा हललेला नाही! मूर्ती लहान, पण कीर्ती महान." मी मनात फुगलो.

अकराव्या वर्षी काकू गेल्या. आठ दिवसांच्या तापाचे निमित्त झाले. काका लोकांसमोर रडले नाहीत. दिवसभर त्यांनी दात आवळून धरले होते, ते मला ठाऊक.

कामावर परत जायच्या दिवशी काकांनी तो चिमटा हातात घेतला. मुठीचा लाल रंग निम्मा उडाला होता. "हाही झिजून जायचा," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांनी तो काकूंच्या रुमालात गुंडाळला आणि काकूंच्या कपाटात ठेवून दिला. त्या दुपारी शिडीवर त्यांनी वायर तोंडात धरली. मी दचकलो, पण करणार काय?

कॅलेंडरवर आता गोल नव्हता. परगावी राहणारी त्यांची मुलगी फोनवर आठवण करी, "बाबा, दाढ दाखवलीत का?"

"दुखत नाही गं. कशाला उगीच?"

ते खोटे बोलत नव्हते. एकदा प्लास्टिकची बारीक चिरफळी हिरडीत रुतली. ब्रश करताना रक्त येऊ लागले. काका चूळ भरून मोकळे होत. आत हाड कणाकणाने सुटत होते. लांब स्क्रूला तेवढे चालून जाते, पण माझी सगळी पुंजी सहा मिलिमीटरांची. दुखणे हत्तीच्या पायांनी येते म्हणतात. माझे मात्र मुंगीच्या पायांनी आले. मला ओरडायचे होते, मित्रांनो. फक्त एकदा, एकच कळ. तीही मला देता आली नाही.

चार वर्षांनी, मुलगी आलेली असताना, जेवता जेवता मी हललो. ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी फोटो पाहिला आणि मला बाहेर काढले. जोर लावावाच लागला नाही.

"दुसरा बसेल का?" काकांनी विचारले.

"कशात बसवू? धरायला हाडच उरलं नाही." हिरडीत रुतलेली प्लास्टिकची चिरफळी त्यांनी काढून दाखवली. "परत दातांनी वायर सोलायला लागलात? चिमटा हरवला का?"

"नाही हो. तिनं आणलेला होता. झिजला असता, म्हणून जपून ठेवला."

मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, आईनं तो दाढेसाठीच आणला होता ना?"

तोंडात कापसाचा बोळा, आणि काका त्या खुर्चीतच रडले. चार वर्षांचे साचलेले सगळे रडून घेतले.

घरी येऊन त्यांनी कपाट उघडले. रुमालातून चिमटा काढून खिशात घातला आणि त्याच्या जागी मला गुंडाळून ठेवले. तेव्हापासून मी इथेच आहे.

मित्रांनो, जे दुखत नाही त्याचीही अधूनमधून विचारपूस करा. कोणी मायेने दिलेली वस्तू कपाटात ठेवू नका. वापरा, झिजली तर झिजू द्या. तिचा चिमटा आता रोज कामावर जातो. काका मात्र पुन्हा एकाच बाजूने चावतात, आणि 'बघवत नाही' म्हणणारे समोर कोणी नसते.