माणसाचा आवाज वगळून

"बाबा, तुम्ही बागेत बोलता का हो?"

मुलाचा फोन. तोही कामाच्या दिवशी, सकाळी सकाळी. कंडक्टरनं हातातला चहा खाली ठेवला. एरवी मुलाचा फोन रविवारी यायचा, जेवता जेवता, तोंडात घास असताना.

"बागेत आहे कोण बोलायला?"

"मग कालची यादी कोरी कशी? एकही पक्षी नाही. मला वाटलं डबी बिघडली."

ही डबी मुलगा मागच्या सुट्टीत बसवून गेला होता. पेरूच्या झाडाला माइक, खिडकीत साबणाच्या वडीएवढा कॉम्प्युटर. बागेत पक्षी ओरडला की डबी आवाजावरून तो ओळखायची आणि त्याचं नाव फोनवर पाठवायची, बापाच्याही आणि मुलाच्याही. "तुम्हाला करमेल," असं मुलगा म्हणाला होता. करमत होतं ते मुलाला. ऑफिसात बसून तो मित्रांना दाखवायचा, हे बघा, आमच्या घरी आज हुदहुद आला.

"त्यात एक सोय असते, बाबा. माणसाचा आवाज आला की डबी तेवढं रेकॉर्डिंग टाकून देते. कुणाचं खासगी बोलणं साठू नये म्हणून. त्यात पक्षी ओरडला असेल तर तोही जातो."

कंडक्टर बोलत होता हे खरंच होतं. त्याचा जन्म बसमध्ये ओरडण्यात गेला. आधी नोकरी गेली, मग बायको गेली, आवाज मात्र शाबूत राहिला. तो कुठे ठेवायचा? भिंतीवरच्या साळुंक्यांना तो "पुढे सरका, दारात उभं राहू नका" असं दटावायचा.

"ऐक ना," तो म्हणाला, "माझ्या डोळ्याला जरा—"

"मीटिंग आहे बाबा, ठेवतो. बागेत तेवढं बोलू नका."

डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरनं बजावलं होतं, घरचं माणूस बरोबर आणा, एकटे येऊ नका. घरचं माणूस एकच होतं आणि ते मीटिंगमध्ये होतं.

त्या दिवशी कंडक्टर बागेत गप्प बसला. यादी भरभरून आली आणि फोन आला नाही. तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या दिवशी त्यानं खुर्ची ओढत पेरूखाली नेली आणि उजाडल्यापासून बोलत सुटला. जुने थांबे पुकारले, सुट्ट्या पैशांवरून भांडला, बायकोलाही दोन शब्द सुनावले.

भिंतीपलीकडून निवृत्त नर्सबाई डोकावल्या. "कंडक्टर, कुणाशी भांडताय?"

"प्रवाशांशी."

"तिकीट काढलंय का त्यांनी?"

"एकजात फुकटे आहेत सगळे!"

बाई हसल्या आणि कपडे वाळत घालायला वळल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

मुलगा वाईट नव्हता. वाईट असता तर शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. त्याला बापाची काळजी होती, पण काळजी करायची एक रीत असते आणि ती त्याला कुणी शिकवली नव्हती. डबी दुरुस्त करता येते, म्हणून तो डबीची काळजी करायचा. असे मुलगे घरोघर आहेत. हे वाचतानाही एखादा आईचा फोन कट करत असेल.

"वायर नीट बसलीय का, बाबा?"

"बसलीय. अरे, डॉक्टर म्हणाले—"

"ते सांगा नंतर. आधी डबीवर हिरवा दिवा लागलाय का बघा."

कंडक्टर खिडकीशी गेला. पुढे नुसतं धुकं होतं. धुक्यात दिवा होता की नाही, देव जाणे. 'दिसत नाही रे' एवढंच म्हणायचं होतं. पण आयुष्यभर चालत्या बसमध्ये दांडी न धरता उभा राहिलेला माणूस तो.

"लागलाय," तो म्हणाला.

पुन्हा बोलणं, पुन्हा कोरी यादी, पुन्हा फोन. काही दिवस असेच गेले. ऑपरेशन जवळ आलं. आता आडपडदा नाही, फोन उचलल्या उचलल्या सांगायचं, असं त्यानं ठरवलं. बागेत मनसोक्त बोलून तो वाट बघत बसला. फोन आला. उचलला, तर मुलगाच आधी सुरू झाला.

"बाबा, जमलं! इथूनच नवीन प्रोग्रॅम टाकला. आता तो माणसाचा आवाज बाजूला काढून पुसतो आणि पक्षी तेवढा ठेवतो. आता तुम्ही कितीही बोला, काही फरक पडत नाही."

"बरं झालं."

"आणि हो, परवा डॉक्टरचं काय म्हणत होता?"

मुलानं विचारलं. शेवटी विचारलं तरी. कंडक्टरनं तोंड उघडलं, पण कानात अजून 'कितीही बोला, काही फरक पडत नाही' हेच घुमत होतं.

"काही नाही. सर्दी होती. गेली."

"वाफ घ्या," मुलगा म्हणाला. फोन बंद झाला.

कंडक्टर बागेत गेला. शर्टाचं वरचं बटण लावलं. माइकसमोर ताठ उभं राहून, मागच्या सीटपर्यंत पोचेल अशा आवाजात बोलला, "मंगळवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे. घरचं माणूस लागतंय. तू येशील का?"

हातातला फोन थरथरला. त्यानं तो त्यातल्या त्यात बऱ्या डोळ्याजवळ नेला.

शिंपी पक्षी. आवाज स्वच्छ.