पायाखालचा मी, कप्प्यातला तो

मी एक जुना ब्रेक आहे. थांबा मित्रांनो, तुमच्या डोळ्यांसमोर जो आला तो मी नव्हे. तो गाडी चालवणाऱ्याच्या पायाशी असतो आणि साऱ्या जगाला ठाऊक असतो. मी दुसरा. गाडी शिकवणाऱ्या मास्तरांच्या पायाशी बसवलेला, जादाचा. शिकणारा गांगरला की मास्तर मला दाबतात आणि गाडी थांबते.

एका लहानशा वर्कशॉपमध्ये माझा जन्म झाला. लोखंडाची पट्टी कापून, वाकवून, घासून मला आकार दिला. वर काळे रबर चढवले आणि एका दांडीने मला त्या खऱ्या ब्रेकशी जोडले. फिटरने मला हाताने दाबून पाहिले आणि तो मास्तरांना म्हणाला, "आता बिनधास्त शिकवा. हा असताना काही होत नाही." ते वाक्य ऐकून मी असा काही फुगलो की विचारू नका.

पण माझा तोरा संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. मास्तरांच्या पत्नी, म्हणजे सगळ्या विद्यार्थ्यांच्या काकू, एक कागद घेऊन आल्या. तो गाडीच्या विम्याचा कागद होता. प्लास्टिकच्या स्वच्छ पाकिटात घालून त्यांनी तो माझ्या बरोबर वर, डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला आणि कप्प्यावर हलकेच थाप मारली. तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखू लागले ते दुखतेच आहे.

मित्रांनो, मत्सर वाईट असतो असे तुम्ही शाळेत शिकता. मीही शिकवणीच्याच गाडीत आहे, पण तो धडा माझ्यापर्यंत पोहोचला नाही.

तुम्हीच सांगा, मला राग येऊ नये का? नवा विद्यार्थी स्टिअरिंग घट्ट धरून विचारायचा, "मास्तर, कुठे आपटली तर?" मास्तर हसून म्हणायचे, "पाय ब्रेकवर आहे आणि कागद कप्प्यात आहे. चला, पहिला गिअर टाका." दोघांचे नाव एकाच दमात! आणि कप्प्यावर थाप, माझ्यावर मात्र बूट. पावसाळ्यात तर चिखलाचा बूट. तो कागद दरवर्षी नवा कोरा होऊन यायचा, नवी तारीख मिरवायचा. माझे रबर झिजून गुळगुळीत झाले तरी कोणाचे लक्ष नव्हते.

शिवाय कामे सगळी मी करायची. भिंतीपासून वीतभर अंतरावर गाडी मी थांबवली आहे. चेंडूमागे धावत आलेल्या मुलाला मी वाचवले आहे. एका सेवानिवृत्त बँक मॅनेजरांनी तर गाडी मागे घेताना दूधवाल्याच्या टपरीवरच नेम धरला होता, तेव्हाही मीच मध्ये पडलो. पण न झालेल्या अपघाताचे कौतुक कोण करणार? गाडी थांबली की मॅनेजर म्हणाले, "बघितलंत, कशी वेळेवर थांबवली!" मी मूग गिळून गप्प. आणि कप्प्यातला तो कागद? त्याने इतक्या वर्षांत काडीचेही काम केले नव्हते. बसल्या जागी मान मिळत होता त्याला.

एका वर्षी मात्र माझे दिवस फिरतील असे वाटले. विम्याची मुदत संपत आली होती. मास्तर म्हणाले, "गाडी जुनी झाली आता. कायद्याला लागतो तेवढाच विमा घेऊ, समोरच्याच्या नुकसानीपुरता. आपल्या गाडीचा कशाला? इतकी वर्षं साधा ओरखडा नाही. माझा पाय आहे ना ब्रेकवर!"

मला तर गुदगुल्या झाल्या. पण काकू कुठल्या ऐकतात!

"तुमचा पाय तुमच्या गाडीत आहे," त्या म्हणाल्या. "समोरून येणाऱ्याच्या गाडीत आहे का? आणि ही गाडी गॅरेजमध्ये पडली तर शिकवणार कशावर, माझ्या शिलाई मशीनवर?"

मास्तरांनी मान डोलावली. कप्प्यात पूर्ण विम्याचा कागद आला, नेहमीपेक्षा जाडजूड. मी त्याच्या नावाने बोटे मोडली.

आता आमच्या गाडीतली एक जुनी रीत तुम्हाला सांगायला हवी. विद्यार्थ्याला लायसन्स मिळाले की मास्तर त्याच्यासोबत शेवटची एक फेरी मारत. त्या फेरीत ते माझ्यावर पाय ठेवत नसत. सीटवर चक्क मांडी घालून बसत. "आता तुझं तू," असे त्या मांडीचे सांगणे असे. शिकणाऱ्याला त्याचा भारी अभिमान वाटे. मला ती फेरी बिलकूल आवडत नसे. कोणाला आवडेल, आपल्यावाचून अडत नाही हे दाखवून दिलेले?

मास्तरांच्या धाकटीला लायसन्स मिळाले तेव्हा तर मास्तर आनंदाने फुलून गेले होते. दुपारी रस्ता रिकामा पाहून बापलेक निघाले. मास्तरांनी बूट काढले आणि ऐटीत मांडी ठोकली. धाकटी छान चालवत होती. शिंप्याच्या दुकानापाशी धारवाला आपली सायकल स्टँडवर लावून, पायडल मारत कात्रीला धार लावत होता. तेवढ्यात उभ्या असलेल्या एका गाडीचे दार अचानक उघडले. धाकटी दचकली. तिने स्टिअरिंग वळवले आणि ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला.

मी वाट पाहत होतो. मास्तरांचा पाय येईल, आता येईल. पण मांडीत अडकलेले पाय सुटतात कुठे? त्यांचा गुडघा कप्प्यावर आपटला, कप्पा उघडला आणि तो कागद पाकिटासकट थेट माझ्या अंगावर येऊन पडला. पाय काही आला नाही. गाडी सायकलला धडकून दुकानाच्या खांबावर जाऊन थांबली.

धारवाल्याचा पाय मोडला. त्याची सायकल आणि धारेचा दगड, दोन्हींचे तुकडे झाले. आमच्या गाडीचे नाक चेपले. धाकटी रस्त्यातच खाली बसली. मास्तर अनवाणीच धारवाल्याकडे धावले. त्याला दवाखान्यात पोहोचवले, पोलिसांना आणि विमा कंपनीला लगेच कळवले.

दुसऱ्या दिवशी धारवाल्याची बायको दारात उभी राहिली. गाडी अंगणात ओढून आणलेली होती, त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

"आमचं घर त्या सायकलवर चालतं," ती म्हणाली. "आता पोरांना काय खायला घालू? तुमची मान खाली घालून आमची चूल पेटणार आहे का?"

काकू गाडीपाशी आल्या. माझ्या अंगावरचा तो कागद उचलून, धूळ झटकून, त्यांनी तिच्यासमोर धरला. "ताई, चूक आमचीच आहे. पण हा कागद नुसता आमच्यासाठी नाही, तुमच्यासाठीही आहे. शेवटपर्यंत मी तुमच्यासोबत येईन."

मित्रांनो, खरे सांगतो, तेव्हा मी मत्सराने पार काळानिळा पडलो. इतकी वर्षे मला वाटत होते, हा मालकाचा लाडोबा आहे. आणि याच्या पोटात तर ज्याला आम्ही कधी पाहिलेही नव्हते, अशा माणसासाठीही जागा होती!

विमा कंपनीचा माणूस आला. त्याने फोटो काढले. लायसन्स पाहून म्हणाला, "हे तर परवाचंच आहे की!"

"परवाचं असलं तरी लायसन्सच आहे," काकू म्हणाल्या.

त्याने मला हाताने दाबून पाहिले. "हा चालतो का?"

"चालतो," मास्तर हळूच म्हणाले. "पायच नव्हता त्याच्यावर."

पुढे जे झाले ते सगळे त्या कागदाने केले. धारवाल्याच्या औषधपाण्याची, नव्या सायकलची, घरी बसलेल्या दिवसांची भरपाई झाली. लगेच झाली असे नाही. हेलपाटे पडले, काकूंच्या चपला झिजल्या, पण झाली. गाडीही गॅरेजमध्ये दुरुस्त झाली. थोडा भार मास्तरांवर पडला, कारण विमा म्हणजे काही कल्पवृक्ष नव्हे. पण तो नसता तर गाडी विकावी लागली असती, शिकवणी बंद पडली असती, आणि या जुन्या ब्रेकला भंगारवाल्याने पोत्यात भरले असते. ज्याच्या नावाने मी बोटे मोडली, त्यानेच मला पोत्यातून वाचवले. मेल्याचे उपकार झाले माझ्यावर! हे पचवणे त्याच्या थाटापेक्षाही जड गेले.

एक गोष्ट मात्र त्या कागदालाही जमली नाही. धाकटी गाडीला हात लावेना. चाव्यांचा आवाज आला तरी आत निघून जाई. मास्तर समजावून थकले. "मी एका माणसाचा पाय मोडला, बाबा," एवढेच ती म्हणे.

एके दिवशी अंगणात घंटी वाजली. धारवाला आला होता. थोडा लंगडत होता, पण सायकल नवी आणि धारेचा दगडही नवा. काकूंची कात्री हातात घेऊन त्याने दारात उभ्या असलेल्या धाकटीकडे पाहिले.

"काय गं पोरी, पाय माझा मोडला होता. मी बाहेर पडलो, आणि तू का घरात बसलीस?"

धाकटी रडली. धारवाल्याने कात्रीला पुरती धार लावली, तोवर ती रडतच होती. मग डोळे पुसून तिने चावी मागितली.

मास्तर शेजारी बसले. सवयीने एक पाय वर घेऊ लागले, तशी ती म्हणाली, "मांडी नको, बाबा. पाय ब्रेकजवळच असू दे. पण लागल्याशिवाय दाबू नका." मग तिने कप्पा उघडला, कागदावरची तारीख वाचली आणि कप्पा बंद करून त्यावर थाप मारली.

हो, अजूनही त्यालाच थाप! जळफळाट झाला माझा, नाही कशाला म्हणू? पण गाडी शिंप्याच्या दुकानावरून सावकाश पुढे गेली. मास्तरांचा पाय माझ्यापाशी नुसता टेकलेला होता. वर तो कागद गप्प पडून होता, खाली मी. दोघेही बिनकामाचे. आणि धाकटी गुणगुणत गाडी चालवत होती.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. मोठे होऊन गाडी चालवाल तेव्हा माझे रबर झिजू देऊ नका आणि त्याची तारीख उलटू देऊ नका. आम्हा दोघांना जवळ ठेवा, आणि देव करो, आम्हाला कधी काम न पडो. पण कप्प्यावर थाप माराल ना, तेव्हा एकदा खाली वाकून मलाही पुसा.