एका वाफ्यात

"ए, वाफ्यात उतरू नगं!" रंगुबाई बांधावरूनच कडाडली.

पौषाची थंडी होती. पाणी भरलेल्या वाफ्यांत आमची टोळी कांदा लावत होती. भागूबाई पदर खोचून चिखलाच्या कडेलाच थबकली. तिचा लेक वैजनाथ शेवगावच्या रस्त्यावर एकट्या बायांना मोटारसायकलवर बसवायचा आणि दागिन्यांसाठी गळा दाबून मारायचा. चौघी गेल्या. तेव्हापासून आमच्याकडची बाई सख्ख्या दिराच्याही गाडीवर बसेना. वैजनाथ तुरुंगात गेला, पण शिक्षा आईलाही लागली. तीन महिने तिला एकाही टोळीनं कामावर घेतलं नव्हतं. शेवटी ती आमच्याकडं आली होती.

"हितं न्हाई तर जाऊ कुटं, रंगुबाई? घरात पीठ न्हाई."

"लेकानं आनलेली बोरमाळ मिरवताना लई ग्वाड लागली न्हवं?"

"मिरवली. पन तुमी समद्यांनी हातात घिऊन बघितली. तू तर गळ्यात घातलीस."

रंगुबाईचं तोंड एवढंसं झालं. माझंही झालं, कारण 'आमच्या पोरांना असली बुद्धी कधी व्हायची' असं तेव्हा मीच म्हणाले होते. मेलेल्या बाईचं सोनं या हातांनी चाचपलं, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

"तू वाफ्यात उतरलीस तर आमी समद्या काम सोडून उठू," रंगुबाई म्हणाली.

तेवढ्यात यंदाच आमच्या टोळीत आलेली सिल्व्हिया रोपांची पाटी घेऊन आली. वैजनाथनं मारलेली चौथी बाई, दया, ही तिचीच आई. बोरमाळ दयाचीच होती.

पाटी उतरवून ती भागूबाईपुढं उभी राहिली. आता ही तिच्या झिंज्या धरणार, असंच मला वाटलं.

"मोबाईलवरच्या फोटूत माज्या आईच्या गळ्यात तीच बोरमाळ बघून ही बाईच ती माळ घिऊन ठान्यात गेली," सिल्व्हिया आमच्याकडं वळून म्हणाली. "लेकाचं नाव हिनंच सांगितलं. गप बसली असती, तर पाचवी कोन असती, रंगूमावशी?"

तिनं पाटीतल्या रोपांच्या जुड्या बांधावर मांडल्या.

"मी माफ केलं न्हाई. त्याला तर मरंस्तोवर न्हाई. पन हिला माज्या वाफ्यात बसू द्या."

रंगुबाईनं त्यातली एक जुडी उचलून भागूबाईपुढं टाकली.

भागूबाई वाफ्यात उतरली. रोपं वेडीवाकडी पडत होती. आम्ही तिरप्या नजरेनं बघत होतो.

"अगं भागूबाई, किती दाट लावतीस!" रंगुबाई खेकसली. "चार बोटं जागा सोड की! कांदा पोसायचा कसा?"

तीन महिन्यांनी तिला कुणी कामावरून बोललं होतं. भागूबाईनं चिखलाच्या हातानंच डोळे पुसले, रोप उपटलं आणि चार बोटं सोडून परत टोचलं.