दुपारचं ऊन

झावळ्यांचा अख्खा झुबका धप्पकन शेजारच्या अंगणात पडला आणि गच्चीवर उभ्या सुब्बरावांनी चहाचा मोठा घोट घेतला. जमुनाबाईंचं नारळाचं झाड आज एकदाचं उतरत होतं. चहा इतका गोड त्यांना बऱ्याच दिवसांत लागला नव्हता.

निवृत्तीनंतर त्यांनी हौसेनं गच्चीभर सोलर पॅनेलं बसवली होती. कंपनीच्या जाहिरातीतलं ऊन मात्र पावगड्याच्या उघड्या माळावरचं होतं. इथं बोगादीत पावसाळाभर सकाळी ढग ठाण मांडून बसतात. ऊन पडलंच तर दुपारी. आणि नेमकं दुपारीच हे झाड पश्चिमेकडून आडवं यायचं. एका पॅनेलवर सावली आली की सगळी ओळ झोपायची. सरकारला वीज विकण्याच्या बाता मारणाऱ्या सुब्बरावांना वीज विकतच घ्यावी लागे, आणि गल्ली हसे.

मग झाडाचा राग त्यांनी बाईंवर काढला. जमुनाबाई काही परक्या नव्हत्या, चुलतभावाची बायको. तरी पालिकेत तक्रार गेली. वाऱ्यानं गच्चीवर आलेल्या झावळ्या त्यांच्याच तुळशीवर परत भिरकावल्या गेल्या. भावाच्या वर्षश्राद्धाला बोलावणं येऊनही सुब्बराव गेले नाहीत. झाड त्या भावानंच लावलेलं, बोगादीत नुसती शेतं होती तेव्हा. मी इथं असेतो ते राहील, असं बाई सांगायच्या. बघू, असं सुब्बराव म्हणायचे.

आता बुंधाही आडवा झाला. मोबाइलवर विजेचा आकडा भराभर चढू लागला. जिंकलेल्या माणसाला मोठं मन करायला काय जातं? ते कठड्याशी आले.

"वैनी, आधीच ऐकलं असतंत, तर सुम्मने, उगाचच एवढं भांडण कशाला झालं असतं?"

जमुनाबाई झावळ्या ओढत होत्या. वर न बघताच त्यांनी सांगितलं, की आपण लेकीकडे, पूजिताकडे नंजनगूडला चाललोय. जागा मंजुनाथ बिल्डरला दिली. मोकळी करून द्यायची म्हणून झाड काढलं. तो चार मजले उठवणार आहे.

सुब्बरावांच्या तोंडातला चहा तोंडातच राहिला.

"जागा विकणार नाही म्हणत होता ना तुम्ही?"

"ह्यांचं झाड सोडून पाय निघत नव्हता, भावजी. तुम्ही फेकलेल्या झावळ्या उचलता उचलता निघाला."

सुब्बरावांनी घसा खाकरला. बिल्डरला एखाददुसरा मजला कमी करायला सांगाल का, असं त्यांनी विचारलं. इतक्या मऊ आवाजात ते बाईंशी कधी बोलले नव्हते.

जमुनाबाईंनी शेवटची झावळी ढिगावर टाकली, पदराला हात पुसले आणि पहिल्यांदाच वर पाहिलं.

"दसरा झाला की पाया खणतील. तोवर पोटभर ऊन घ्या."