साखर कारखान्याच्या जर्सी

शौकतने तापलेली इस्त्री उभी केली, शर्ट अर्धाच सोडला आणि काउंटरला वळसा घालून तो दाराकडे धावला. दारातला म्हातारा तीन वर्षांत निम्मा झाला होता, पण ओळखायला चष्मा कशाला हवा?

"मिकोला! हबीबी!"

मिठी मारताना आनंद झाला, पण तेवढ्यापुरताच. म्हातारा कशासाठी आलाय ते त्याला लगेच कळलं.

मिकोला युक्रेनमधल्या एका छोट्या गावच्या फुटबॉल क्लबचे कपडे-बूट सांभाळायचा. दर जानेवारीत, तिकडे बर्फ साचला की, संघ सरावाला शारजात यायचा आणि घामट जर्सी अल नहदातल्या शौकतच्या लाँड्रीत. इस्त्री होईपर्यंत मिकोला स्टुलावर बसून क्लबची कहाणी सांगायचा. दोघांचंही इंग्रजी यथातथाच, म्हणून तर गप्पा रंगायच्या. क्लब काढला दुसऱ्या महायुद्धानंतर, साखर कारखान्यात बीट उतरवणाऱ्या हमालांनी. पहिल्या जर्सी बायकांनी साखरेच्या पोत्यांच्या शिवल्या. म्हणे, खाज सुटायची म्हणूनच पोरं एवढी पळायची! एकदा, एकदाच, मोठ्या शहराच्या संघाला त्यांनी चिखलात लोळवलं. पुढे तीन दिवस कारखान्याचा भोंगा वेळेवर वाजला नाही.

"आमच्याकडे घाटावर ऊस, तुमच्याकडे बीट," रत्नागिरीचा शौकत म्हणायचा. "मुकादम मात्र तोच!"

२००९च्या जानेवारीत, संघ आल्याच्या चौथ्याच दिवशी तिकडून फोन आला. मालक कर्जात बुडाला, कारखान्याला कुलूप. संघ मिळेल त्या विमानाने परत गेला. हिरव्या जर्सी तेव्हा मशीनमध्ये होत्या. शौकत त्या घडी घालून हॉटेलवर घेऊन गेला तर खोल्या रिकाम्या. फोन लागेना. मंदीच्या त्या वर्षी कोण कुठे गेलं हे विचारायचीही चोरी होती; त्याची निम्मी गिऱ्हाइकंच नोकऱ्या जाऊन मुंबई-पुण्याला परतली होती.

लाँड्रीचा रिवाज असा, की वर्षभर कुणी न नेलेले कपडे रमजानात मुहैस्नाच्या कामगार कॅम्पवर द्यायचे. शौकत दीड वर्ष थांबला. शेवटी त्याची बायको शहनाझ म्हणाली, "अहो, कापड ठेवून सडतं. कुणाच्या तरी अंगाला लागू दे." त्याने दिल्या.

"क्लब खलास," मिकोला स्टुलावर टेकत म्हणाला. "मैदानावर गोदाम झालं. कप, फोटो, सगळं भंगारात गेलं. आता मुलीकडे दुबईत आलोय." मग लहान मुलासारखं हसून म्हणाला, "माझ्या जर्सी आहेत ना? तेवढंच उरलंय, शौकत."

शौकतने इस्त्रीचं बटण बंद केलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"शहनाझ, दुकान बघ," तो आत ओरडला. "यल्ला मिकोला, बसा गाडीत."

व्हॅन चालवता चालवता त्याने सगळं सांगून टाकलं आणि तीनदा माफी मागितली. मिकोला खिडकीबाहेर बघत राहिला. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

कॅम्पमागच्या वाळूत शुक्रवारची मॅच रंगली होती. नेपाळी, बंगाली, तेलुगू, मराठी पोरं. अकरा जणांच्या अंगावर हिरव्या जर्सी, छातीवर क्लबचं चिन्ह, बीट. मिकोला उतरला, कडेला जाऊन उभा राहिला. त्याच्या तोंडाकडे बघायची शौकतची हिंमत होईना.

इतक्यात पाच नंबरवाल्याने अडवायचा माणूस मोकळा सोडला आणि हिरव्यांवर गोल झाला. मिकोला असा काही गरजला, की सगळं मैदान थबकलं. भाषा कुणाला कळली नाही, शिवी मात्र सगळ्यांना कळली.

मॅच संपल्यावर तो पोरांच्या घोळक्यात शिरला आणि हात पुढे करून जर्सीची बाही ओढू लागला. पाच नंबरवाला दत्ताराम, राजापूरकडचा फिटर, गडबडून शौकतकडे वळला.

"चाचा, हे परत मागतायत काय?"

"त्यांच्याच आहेत रे. दे."

दत्तारामने निमूट जर्सी काढली. मग एकेकाने काढली. अकरा पोरं उघड्या अंगाने वाळूत उभी राहिली. शौकतला त्यांचंही वाईट वाटलं आणि म्हाताऱ्याचंही.

मिकोलाने एकेक जर्सी झटकली, उलटी होती ती सुलटी केली, अकरा मोजल्या, आणि तो ओला ढीग आणून शौकतच्या हातांत दिला.

"बघतोस काय? पुढच्या शुक्रवारी धुऊन हव्यात," तो म्हणाला, आणि दत्तारामला खांद्याला धरून, माणूस कसा अडवायचा ते दाखवायला मैदानात घेऊन गेला.